तळ्याकाठचा डबडा स्पीकर

दोन दिवस तळ्याकाठी तंबू ठोकून लोकसंगीत ऐकायला, फेर धरायला जायचं, आणि दरवेळी कुणीतरी तो डबडा ब्लूटूथ स्पीकर घेऊन हजर! अरे, समोर माणूस जीव तोडून गातोय आणि तुझ्या तंबूतून धपाधप बास? त्यात रात्री पाण्यालगतची हवा गार, वरची उबदार. आवाज वर न जाता खाली वळतो आणि पार पलीकडच्या काठाला स्वच्छ पोचतो. दमट हवेनं ढोलाचं चामडं आधीच सैल पडलेलं. वादक बिचारा शेकोटीशी धरून तापवतोय, टिचकी मारून कान लावतोय, तर ऐकू काय येतं? तुझा रिमिक्स! सांगायला गेलो तर म्हणे, ‘काका, फेस्टिव्हल आहे, एंजॉय करा!’ काका म्हणे. चाळिशी उलटायचीय अजून माझी.