फ्रेम फोडायची की जागा वाया घालवायची?

विषय होता एकाच फायबरवर आळीपाळीनं डेटा पाठवणाऱ्या घरांचा: मिळालेल्या वेळेत फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, मावली नाही तर ती फोडावी का? "फ्रेमचे तुकडे करणं म्हणजे विकतचं दुखणं," पम्यानं निकाल देऊन टाकला.

ऋताचं रोजचं कामच ऑप्टिकल नेटवर्कचं, ती कशाला गप्प बसते! "२००४ च्या ईपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर नेणाऱ्या इथरनेट मानकात, फोडायची सोयच नव्हती. ओएलटीनं, म्हणजे कंपनीच्या टोकाच्या यंत्रानं, दिलेल्या वेळेत पुढची फ्रेम मावली नाही की उरलेली जागा वाया. जीपॉन या दुसऱ्या मानकात मुभा होती."

मी मोबाइलवर हिशोब मांडला. एक गिगाबिटची लाइन, ३२ घरं, १ मिलिसेकंदाचं चक्र. लेझर चालू-बंद व्हायचा वेळ सोडून दिला तरी प्रत्येकाला जेमतेम ३,९०० बाइट. त्यात दीड हजारांची फ्रेम अडली तर सरासरी साडेसातशे पाण्यात, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. २५ गिगाबिटला वाटा ९७,००० च्या वर. नुकसान एक टक्काही नाही.

"बघ! वेग वाढला, प्रश्न मिटला," पम्या म्हणाला.

"विलंब कमी हवा म्हणून चक्र १२५ मायक्रोसेकंदांवर आण," ऋता म्हणाली. वाटा १२,२०० वर आला, नुकसान सहा टक्क्यांवर. शिवाय लेन, म्हणजे त्याच फायबरवरच्या वेगळ्या तरंगलांबीच्या वाटा, दोन असल्या आणि फ्रेम अख्खी एकाच लेनवर टाकायची म्हटली, तर दोन्हींच्या शेवटी उरलेली जागा वाया.

सुहासचा मुद्दा बरा होता: ओएनयूनं, म्हणजे घरातल्या यंत्रानं, फ्रेमच्या हद्दीपर्यंतचीच मागणी कळवावी, ओएलटीनं तेवढंच द्यावं. पण मागणी गेल्यावर रांगेत वरच्या प्राधान्याची फ्रेम घुसली की गणित कोलमडतं.

ईपॉनच्याच २०२० च्या ८०२.३सीए मानकात २५ गिगाबिटच्या दोन लेन एकत्र वापरता येतात. डेटा आठ-आठ बाइटच्या घासांनी दोन्हींवर पसरतो, आणि फ्रेम अर्धी राहिली तर उरलेली पुढच्या ग्रँटमध्ये, म्हणजे ओएलटी पुढं देईल त्या वेळेत, जाते.

"म्हणजे अर्धं कुटुंब एका रिक्षात, किल्ली दुसऱ्या रिक्षात!" पम्या.

"पण न फोडता ती अख्खी फ्रेमच पुढच्या फेरीपर्यंत थांबली असती ना?" मी म्हणालो. माझ्या मते खरी किंमत विलंबाची नाहीच, मेमरीची आहे. ओएलटीला प्रत्येक लॉजिकल लिंकची, म्हणजे ओएनयूशी असलेल्या प्रत्येक जोडणीची, अर्धी फ्रेम सांभाळत बसावं लागतं, आणि एक तुकडा बिघडला की अख्खी फ्रेम फेकावी लागते. उरलेल्या तुकड्यामागे तातडीची फ्रेम अडकते खरी, पण २५ गिगाबिटला दीड हजार बाइट जायला अर्धा मायक्रोसेकंद लागतो. त्यावर काय भांडायचं!

पम्या काही हटेना. शेवटी ऋतानं विचारलं, "बारा हजारांच्या वाट्यात नऊ हजार बाइटच्या दोन जंबो फ्रेम न फोडता बसव बरं."

"मग जंबोच बंद करा."