उणे ३२,०००

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारातल्या एका गाळ्यासाठी मी बिलांचा प्रोग्राम लिहून दिला, तेव्हा माझा सगळा जीव जीएसटीच्या हिशेबात, गोणीच्या घटीत आणि हमालीच्या ओळीत अडकलेला होता. खिडकी मिनिमाइझ करणे ही क्रिया मी खिजगणतीतही धरली नव्हती, आणि शेठ दिवसातून सर्वांत जास्त वेळा करत, ती क्रिया नेमकी तीच निघाली. पडद्यावर खरेदीचा भाव दिसत असे. गल्ल्यासमोरचे गिऱ्हाईक मान लांब करून तिकडे पाहू लागले, की शेठ आपल्या देहयष्टीला न शोभणाऱ्या चपळाईने कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवर क्लिक करत.

पहिल्याच दिवशी भाव झाकला गेला आणि त्याच्या जागी एक भलीमोठी चौकट उभी राहिली. तिच्यात ‘शून्याने भागण्याचा प्रयत्न’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य होते, आणि ते गिऱ्हाइकाने सावकाश, अक्षर लावून, मोठ्याने वाचले. चूक माझी होती. विंडोजच्या खिडक्या रचण्यासाठी मी वापरलेल्या विनफॉर्म्स या साधनात ‘मी मिनिमाइझ झाले’ असे सांगणारा स्वतंत्र इव्हेंटच, म्हणजे प्रोग्रामला मिळणारी वर्दीच, नाही. ‘आकार बदलला’ एवढी वर्दी येते, आणि खिडकीची अवस्था तपासून खरे कारण आपणच ओळखायचे असते. ती वर्दी येताच मी भाबडेपणाने खिडकीच्या आतल्या भागाचा नवा आकार विचारत होतो, मिनिमाइझ झालेल्या खिडकीकडून रुंदी शून्य आणि उंची शून्य असे उत्तर येत होते, आणि मी रुंदीला उंचीने भागून मोकळा होत होतो. (जावा भाषेतल्या स्विंग या तशाच साधनात यासाठी वेगळा इव्हेंट आहे, आणि त्याच्या नावात अजूनही ‘आयकॉन’ आहे. १९९५ साली टास्कबार येण्यापूर्वी विंडोजमध्ये मिनिमाइझ केलेली खिडकी खरोखरच पडद्याच्या तळाशी चित्र होऊन बसत असे. शेठना हे सांगायला गेलो, तर त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.)

दुसरे संकट मी हौसेने ओढवून घेतले. अर्धवट बिल सोडून शेठ दुसऱ्या खिडकीत गेले तर बिल हरवू नये, म्हणून फोकस (टंकलेले ज्या खिडकीत उमटते, तिच्याकडे तो असतो) सुटताच ‘बिल अपूर्ण आहे, जतन करू का?’ असे विचारण्याची सोय मी केली. शेठ कॅल्क्युलेटरवर क्लिक करत; फोकस सुटे; माझा प्रश्न उभा राही; शेठ ‘हो’ म्हणत; प्रश्नाची चौकट मिटे आणि फोकस इमानदारीने पुन्हा माझ्याच खिडकीकडे येई. कॅल्क्युलेटर मागेच राही. शेठ पुन्हा कॅल्क्युलेटरवर क्लिक करत आणि प्रोग्राम पुन्हा तोच प्रश्न विचारी. घराबाहेर पाऊल टाकताच ‘कुठे निघालात?’ असे विचारून माणसाला परत आत आणून बसवणारे आजोबा मी संगणकात घातले होते. फोकस जात असताना मध्येच नवी चौकट उघडू नये, हा या धंद्यातला जुना नियम मी वाचलेला होता, पण तो इतरांसाठी आहे अशी माझी धारणा होती. शेवटी शेठनी बेरजेसाठी पुन्हा वहीच काढली, तेव्हा मी प्रश्न काढून टाकला आणि बिल गुपचूप जतन करू लागलो.

खरा कहर मात्र एका सोमवारी सकाळी नऊ वाजता फोनवरून आला.

“अहो साहेब, तुमचा प्रोग्राम उघडतो, पण दिसत नाही.”

“म्हणजे काय, शेठ?”

“खाली पट्टीवर आहे. वर नाही.”

झाले होते ते असे. विंडोज मिनिमाइझ केलेल्या खिडकीला पडद्याबाहेर नेऊन ठेवते, आणि तिचा तिथला पत्ता आडवा उणे ३२,००० ठिपके, उभा उणे ३२,००० ठिपके असा असतो. शनिवारी शेठनी प्रोग्राम मिनिमाइझ असतानाच टास्कबारवरून बंद केला होता. बंद होताना खिडकीची जागा लिहून ठेवायची आणि उघडताना तिथेच उघडायची, ही माझी आणखी एक हौस. त्यामुळे सोमवारी प्रोग्राम आज्ञाधारकपणे त्याच पत्त्यावर उघडला. इंचाला ९६ ठिपके धरले, तर ही जागा पडद्याच्या डावीकडे सुमारे साडेआठ मीटर आणि वर तितकीच येते. म्हणजे शेजारच्या गाळ्यातल्या तूरडाळीच्या थप्पीवर, छताच्याही वर कुठेतरी, शेठचे बिल उघडे पडले होते.

“शेठ, खालच्या पट्टीवर क्लिक करा. आता ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा. मग एम. मग बाणाची कुठलीही एक कळ, आणि माउस हलवा.”

पलीकडे बराच वेळ हमालांचा आवाज तेवढा येत राहिला. मग शेठ दचकून म्हणाले, “अहो, ही तर माउसला चिकटून आली!”

दुरुस्ती एका ओळीची होती: खिडकी मिनिमाइझ असेल तर तिची सध्याची जागा लिहायची नाही, पूर्ववत होताना ती जिथे येईल ती जागा लिहायची. विंडोज ती जागा वेगळी सांभाळून ठेवतेच. मी विचारली नव्हती.

त्यानंतर शेठनी एकच मागणी केली, की माल संपत आला की प्रोग्रामने आपण होऊन सर्वांच्या पुढे यावे. विंडोज ९८ आणि २००० पासून हे सहसा घडू दिले जात नाही. माणूस दुसरीकडे टंकत असताना मध्ये घुसू पाहणाऱ्या खिडकीला विंडोज पुढे येऊ देत नाही, टास्कबारवर तिचे बटण लुकलुकवत ठेवते. आणि हा नियम माझ्या आजोबाछाप प्रोग्रामसारख्यांना पाहूनच केला असावा असे मला वाटते. शेठना ते लुकलुकणे पसंत पडले नाही, पण त्यांनी ते चालवून घेतले.

परवा गाळ्यावर गेलो, तर गिऱ्हाईक वाकताच शेठनी मॉनिटरचे बटणच दाबून पडदा काळा केला. “मिनिमाइझ करत नाही आता,” ते म्हणाले, “तुम्हाला उगाच त्रास.” जुन्या मॉनिटरच्या त्या बटणाची माझ्या प्रोग्रामला कसलीही वर्दी येत नाही, आणि ते दाबल्यापासून एकही तक्रार आलेली नाही.