फॅक्स जावा म्हणून अख्खा कॉम्प्युटर उघडा टाकायचा? मामांच्या मेसेजला उत्तर

आमच्या आजोळच्या ग्रुपवर मामांनी गेल्या आठवड्यात एक मेसेज टाकला. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' ही खूण वर होतीच. मजकूर थोडक्यात असा: "लिनक्सवर फॅक्स चालतच नाही. चालवायचाच असेल तर (१) टर्मिनलमध्ये 'सुडो सीएचमॉड -आर ७७७ /' मारा, सगळ्या परवानग्या मोकळ्या होतात. (२) प्रिंटर वायफायवर असेल तर फोनची वायर काढून टाका, फॅक्स इंटरनेटनेच जातो. (३) प्रिंट निघतेय म्हणजे फॅक्सही सेट झालाय. (४) ड्रायव्हर कुठूनही उतरवा, सगळे सारखेच. (५) फॅक्स हॅक होत नाही, कागदपत्रं बिनधास्त पाठवा. पुढे पाठवा, कुणाचं तरी काम होईल."

कुणाचं तरी काम झालं खरं. माझ्या मामेबहिणीचं, वैशूचं.

वैशू न्यू जर्सीत एका छोट्या दवाखान्याची कागदपत्रं सांभाळते. अमेरिकेत दवाखाने, औषधांची दुकानं आणि विमावाले अजून सर्रास फॅक्सवर आहेत. रुग्णाच्या माहितीबद्दलचा तिथला १९९६ चा हिपा कायदा, योग्य ती काळजी घेतली तर फॅक्सला मज्जाव करत नाही, आणि एकदा बसलेली घडी कोण मोडतो? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ झेपेना, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायला लावलं. म्हणजे या प्रकरणात पहिला आरोपी मीच. प्रिंट निघत होती, फॅक्स जात नव्हता. तिने ग्रुपवर विचारलं, मी मीटिंगमध्ये होतो, आणि मामांनी तत्परतेने उपाय पाठवला. मामा नव्वदच्या दशकात तालुक्याचे वार्ताहर होते. एसटीडी बूथवरून हाताने लिहिलेल्या बातम्या फॅक्स करायचे, त्यामुळे फॅक्समधलं त्यांना कुणी शिकवायचं नाही.

पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारचे बारा. वैशूचा व्हिडिओ कॉल. "दादा, पासवर्ड बरोबर टाकतेय, तरी सुडो भलतंच काहीतरी बोलतंय. आणि आता प्रिंटपण येत नाहीये."

मी विचारलं, "तू तो सातशे सत्त्याहत्तरवाला हुकूम मारलास?"

"बाबांनी पाठवला होता ना."

हा पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याचं आधी. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला तिघांसाठी परवानग्या असतात: मालक, त्याचा गट आणि उरलेले सगळे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. तिन्ही मिळून सात. 'सीएचमॉड' हा या परवानग्या बदलणारा हुकूम. ७७७ म्हणजे कुणीही या, वाचा, बदला, चालवा. '-आर' म्हणजे आतल्या प्रत्येक फोल्डरात शिरून हेच करा, आणि शेवटची ती तिरकी रेघ म्हणजे संपूर्ण यंत्रणेचं मूळ. एका फॅक्ससाठी. फाइली पुसणारा 'आरएम' हा हुकूमसुद्धा त्या तिरक्या रेघेपाशी अडतो आणि नकार देतो. 'सीएचमॉड' मात्र मुकाट्याने काम करून मोकळा होतो, काही विचारत नाही.

आता यातली गंमत बघा, म्हणजे ज्याचा कॉम्प्युटर नाही त्याला गंमत. 'सुडो' म्हणजे पुढचा हुकूम मोठ्या अधिकाराने चालवणारा प्रोग्रॅम, आणि तो चालतो ते त्याच्या फाइलवरच्या एका खास खुणेमुळे, तिला सेटयूआयडी बिट म्हणतात. साधा माणूस तो प्रोग्रॅम चालवतो तेव्हा त्या खुणेमुळे त्याला तेवढ्यापुरते रूटचे, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य मालकाचे, अधिकार मिळतात. ७७७ लिहिलं की ती खूण पुसली जाते. म्हणजे सुडो वापरून सुडोचाच गळा घोटला. चूक दुरुस्त करायला जे हत्यार लागतं, तेच पहिल्यांदा बोथट झालं. वैशूच्या पडद्यावर नेमकं तेच आलं होतं: या फाइलचा मालक रूट हवा आणि सेटयूआयडी बिट हवा.

प्रिंट का थांबली? लिनक्सवर छपाईचं सगळं काम कप्स ही यंत्रणा बघते, फॅक्सही तिच्याच रांगेतून जातो. कप्स एखादा फिल्टर (कागद यंत्राच्या भाषेत करणारा प्रोग्रॅम) किंवा बॅकएंड (तो यंत्राकडे पोचवणारा प्रोग्रॅम) चालवण्याआधी त्या फाइलच्या परवानग्या तपासते. ती फाइल कुणालाही बदलता येत असेल तर 'असुरक्षित परवानग्या' अशी नोंद करून ती चालवायलाच नकार देते. कारण सरळ आहे: ज्या फाइलमध्ये कुणीही काहीही घुसवू शकतो, ती मोठ्या अधिकाराने का चालवायची? कप्सच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये, बॅकएंडच्या पानावर, परवानग्यांचा नियम स्वच्छ लिहिलाय. ज्या बॅकएंडला सर्वांसाठी वाचण्या-चालवण्याची परवानगी नसते तो रूट म्हणून चालतो, आणि ज्याला असते तो 'एलपी'सारख्या कमी अधिकाराच्या खात्याने चालतो. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला वाटलं परवानग्या वाढवल्या की अधिकार वाढतो. इथे उलट आहे. परवानगी सैल केली की अधिकार कमी होतो, आणि अतीच सैल केली की कामच बंद. यापुढे कुणी छपाईच्या भानगडीवर ७७७ सुचवलं तर त्याला ते पान उघडून दाखवा, बाकी वाद घालू नका.

एरवी कप्सचा एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, वाचायला जादा अधिकार लागतात. त्या रात्री तो सगळ्यांनाच उघडा होता, आणि त्यात 'असुरक्षित परवानग्या' या ओळी एकाखाली एक रांगेने होत्या. ७७७ चा एवढाच काय तो उपयोग झाला.

हे उलटवता येतं का? नाही. कोणत्या फाइलला आधी काय परवानगी होती याची नोंद सीएचमॉड ठेवत नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय असते, तिची जुनी प्रत असती तर काम सोपं होतं. ती नव्हती, आणि हे माझ्याच खात्यावर. रुग्णांच्या नोंदी या कॉम्प्युटरवर नव्हत्या म्हणून वाचलो. पेनड्राइव्हवरून मिंट नव्याने टाकलं, पुण्यात पहाटेचा एक वाजला.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. परवानग्यांची अडचण कधीकधी खरी असते. काही लिनक्सवर वापरणारा 'एलपी' गटात नसला तर एचपीचं सॉफ्टवेअर यंत्राशी बोलू शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्या एका माणसाला त्या एका गटात घालणं आणि लॉगआउट करून परत येणं. घराच्या किल्लीची एक प्रत जावयाला देणं वेगळं आणि दारं-खिडक्या काढून ठेवणं वेगळं.

दुसरा मुद्दा वाचून तर मी फोनकडे बघतच राहिलो. मल्टिफंक्शन यंत्राच्या आत फॅक्सचा मोडेम असतो, आणि तो फोनच्या लाइनवर बोलतो. पाठवणारं यंत्र ११०० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर थोड्या थोड्या वेळाने काढतं, समोरचं २१०० हर्ट्झने 'आहे मी' म्हणतं, मग वेग ठरतो आणि पान जातं. मामांनी बूथवर उभं राहून जो चिरका आवाज ऐकला, तो हाच. वायफाय कॉम्प्युटरपासून यंत्रापर्यंत कागद पोचवतं, त्यापुढे तांब्याची तार किंवा तिची नक्कल लागतेच. इंटरनेटवरून फॅक्स पाठवणाऱ्या वेगळ्या सेवा आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळं खातं लागतं. यंत्राची वायर उपटून त्या आपोआप सुरू होत नाहीत.

वैशूने वायर काढली होती. अर्थातच. नवं मिंट टाकल्यावर मी तिला आधी कॉम्प्युटरला हात लावूच दिला नाही. एचपीच्या ऑफिसजेट यंत्रांच्या पडद्यावर फॅक्सच्या सेटिंगमध्ये फॅक्स चाचणी असते. ती भिंतीतली लाइन चालू आहे का, वायर योग्य भोकात आहे का, वायर योग्य प्रकारची आहे का, डायल टोन येतो का, हे एकेक करून तपासते आणि निकालाचा कागद छापते. वैशूने तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला: भिंतीच्या लाइनपाशीच नापास. वायर परत '१-लाइन' लिहिलेल्या भोकात गेली, चाचणी पास झाली. फॅक्स बिघडला की हे पहिलं काम. यंत्राच्या स्वतःच्या बटणांवरून फॅक्स जात नसेल तर लिनक्सला शिव्या देण्यात काही अर्थ नाही.

तिसरा मुद्दा पूर्ण चूक, पण फसायला सोपा. हल्ली यूएसबीने यंत्र जोडलं की मिंट स्वतःहून प्रिंटर ओळखतं, कुठलाही ड्रायव्हर न टाकता, आणि प्रिंट निघायला लागते. त्यामुळे सगळं सेट झालं असं वाटतं. पण ती फक्त छपाईची रांग असते. एचपीच्या यंत्रासाठी एचपीलिपचं (हेच ते एचपीचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) 'एचपी-सेटअप' चालवावं लागतं, तेव्हा ते दोन रांगा बनवतं, एक छपाईची आणि एक नावाच्या शेवटी 'फॅक्स' असलेली. तेच तुमचा फॅक्स नंबर आणि नावही विचारतं. ते नीट भरा, अमेरिकेत प्रत्येक फॅक्सवर पाठवणाऱ्याची ओळख, नंबर, तारीख आणि वेळ असणं कायद्यानेच सक्तीचं आहे. पाठवताना समोरच्याचा नंबर विचारणारी खिडकी 'एचपी-सेंडफॅक्स' ची असते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या कुळात अशा खिडक्यांसाठी 'एचपीलिप-जीयूआय' हे वेगळं पॅकेज लागतं, आणि मिंट त्याच कुळातलं. एचपी-सेटअपला यूएसबीवर यंत्रच दिसत नसेल तर 'आयपीपी-यूएसबी' ही ड्रायव्हरशिवाय छपाई करून देणारी सेवा ते अडवून बसलीय का बघा, ती थांबवून परत प्रयत्न करा.

एवढं करून पहिला फॅक्स अर्ध्यात तुटला. दवाखान्याची फोनलाइन इंटरनेटच्या मोडेममधून येते, आणि अशा लाइनवर आवाजाचे तुकडे होऊन जातात. माणसाला एखादा तुकडा गळला तरी कळत नाही, फॅक्सचा सूर मात्र लगेच तुटतो. यंत्राचा फॅक्सचा वेग 'फास्ट' म्हणजे सेकंदाला ३३,६०० बिटांवर होता, तो 'स्लो' म्हणजे ९,६०० वर आणला. तीन पानं, चार मिनिटं, आणि पलीकडच्या औषधाच्या दुकानातून 'मिळालं' असा फोन.

चौथ्यात अर्धं सत्य आहे, देऊन टाकतो. काही एचपी यंत्रांना वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, खरंच लागतं. पण ते 'एचपी-प्लगइन'नेच घ्यायचं, ते सही तपासून घेतं, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. ब्रदरचं यंत्र असेल तर त्यांचा स्वतःचा लिनक्स फॅक्स ड्रायव्हर आहे. 'कुठूनही' उतरवलेली फाइल सुडोने चालवणं हा ७७७ चाच धाकटा भाऊ.

मेसेजच्या डोक्यावरच्या 'लिनक्सवर फॅक्स चालतच नाही' या ओळीतही एक कण खरा आहे. एचपीलिप फॅक्स पाठवतं, आलेला फॅक्स कॉम्प्युटरवर घेत नाही. तो यंत्रावरच छापला जातो. 'चालतच नाही' म्हणणाऱ्याने मात्र हायलाफॅक्स हे नाव ऐकलेलं नसावं. मोडेम जोडून अख्ख्या ऑफिसचे फॅक्स घेणारं आणि पाठवणारं ते सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकापासून लिनक्सवर चालतंय, मामा बूथवर रांगेत उभे होते तेव्हापासून.

राहिला पाचवा. ऑगस्ट २०१८ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या दोन संशोधकांनी फक्त फॅक्स नंबर माहीत असताना एक खास बनवलेला फॅक्स पाठवून एचपीचं ऑफिसजेट यंत्र ताब्यात घेऊन दाखवलं, आणि तिथून आतल्या नेटवर्कवर उडी मारली. एचपीने फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, दुरुस्त करून दिलं. म्हणून वैशूच्या यंत्राचं फर्मवेअर त्याच रात्री ताजं करून घेतलं. रुग्णाचे कागद 'बिनधास्त' पाठवायची गोष्ट तिने तिच्या डॉक्टरांसमोर काढू नये, एवढंच सांगितलं.

हे सगळं मी सकाळी ग्रुपवर लिहिलं. मामांनी वाचलं, निळ्या खुणा आल्या. तासाभराने फोन आला. "अरे, मी तो आणखी चौघांना पाठवलाय."

"त्यांच्यापैकी लिनक्स कोण वापरतं?"

"तिघं तर फोनच वापरतात. चौथा आपल्या इथल्या पतसंस्थेत कॉम्प्युटर बघतो. त्याने मला अंगठा पाठवलाय."

"मामा, त्याला मेसेज नका करू. फोन लावा. आत्ता."