नागपुरात समुद्र नाही, मग कासवाचं काय? फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

दोन आठवड्यांपासून नागपूरच्या पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. आमच्या लेआउटच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. निमित्त होतं आमच्या रविवारच्या सिनेमाचं. सुटीत समाजभवनात मुलांना एक अ‍ॅनिमेशनपट दाखवायचं आम्ही ठरवलं होतं. समुद्रातल्या एका जिवाला शिकाऱ्यांपासून वाचवायला निघालेलं कुटुंब, होडी, वादळ, पाठलाग, शेवटी सुटका, अशी गोष्ट. मेसेज आल्यावर नऊ घरांनी मुलांची नावं मागे घेतली. एका शाळेनेही ठरलेला खेळ रद्द केला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. 'फाइंडिंग निमो' हा सिनेमा २००३ मध्ये आला, घरोघरी त्यातल्या निमोसारखे क्लाउनफिश विकत घेतले गेले आणि समुद्रातले मासे संपत आले. म्हणजे असले सिनेमे ज्याला वाचवायला सांगतात त्याच्याच मुळावर उठतात. नागपुरात समुद्र नाही, तेव्हा आपल्या मुलांचा याच्याशी संबंध नाही. त्यात दाखवतात ते विज्ञान खोटं असतं. गरीब मच्छीमारांना खलनायक केलेलं असतं. आणि मुलं उगाच रडतात.

मेसेज टाकणारे माझे शेजारी आहेत. त्यांना मुलांची काळजी आहे, यात मला शंका नाही. पण जे लिहिलंय ते बरंचसं चूक आहे, आणि त्यापायी नऊ मुलं घरी बसणार आहेत. म्हणून हे उत्तर.

निमोपासून सुरुवात करते, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलेला आहे. मीसुद्धा ही गोष्ट बरीच वर्षं खरी मानत होते. वर्तमानपत्रांत आली, माहितीपटांत आली, आणि ऐकायला इतकी पटते की कुणी पुरावा विचारत नाही. पण काही संशोधकांनी विचारला. थेन मिलिट्झ आणि सायमन फोल यांनी २०१७ मध्ये याच दाव्याची तपासणी प्रसिद्ध केली. सिनेमामुळे समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशची मागणी भरमसाट वाढली, या समजुतीला आधार फारच तोकडा आहे, असं त्यांना आढळलं. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या दिओगो व्हेरिसिमो यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१६ च्या 'फाइंडिंग डोरी'बद्दल हाच प्रश्न घेतला. डोरी म्हणजे ब्लू टँग नावाचा निळा मासा. सिनेमानंतर त्याची आयात वाढल्याचं आकड्यांत दिसलं नाही. वाढलं ते इंटरनेटवर त्या माशाबद्दल शोधणं. सिनेमा बघून लोक दुकानात धावले नाहीत, माहिती शोधायला लागले. मला तर हे चांगलंच वाटतं.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. क्लाउनफिश हा टाकीत पैदास करता येणाऱ्या सागरी माशांपैकी अगदी सुरुवातीचा. १९७० च्या दशकापासून हे चालू आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. त्यामुळे दुकानातला प्रत्येक क्लाउनफिश प्रवाळातून ओढून आणलेला असतो, हे गृहीतच चूक. ब्लू टँगचं मात्र तसं नव्हतं. त्याची पैदास फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांना पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये. त्याच्याबद्दल काळजी वाटणं रास्त होतं, आणि म्हणूनच डोरीचा अभ्यास जास्त मोलाचा आहे.

मग या माशांना धोका नाही का? आहे, आणि मोठा आहे. समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, क्लाउनफिशचं घर असलेलं समुद्रफूलही पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये झालं. हे कुठल्या सिनेमाने केलेलं नाही.

तरीही एखादं मूल सिनेमा बघून 'मला तो मासा पाहिजे' म्हणेलच. म्हणू द्या. तेव्हा त्याच्याजवळ बसून सांगायचं, की त्या माशाला खारं पाणी लागतं, त्याचं घर तिकडे आहे, आणि तो तिथे असला तरच तो सिनेमातला मासा. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं. मेसेजवाल्यांना दुकानांचीच काळजी असेल तर तिथे करण्यासारखं खरंच काही आहे. समुद्री घोडा आणि स्टार कासव या दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कुठे विकायला दिसले तर वनविभागाला कळवा.

आता नागपूर आणि समुद्र. या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण तो मला सर्वांत जास्त लागला.

आपल्याला समुद्र म्हटलं की मुंबई आठवते. पण सरळ रेषेत मोजलं तर नागपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे, आणि आपलं सगळं पाणी तिकडेच जातं. मागच्या वर्षी मी मुलांबरोबर भिंतीवर नकाशा लावून हे केलं होतं. लाल पेन्सिल नागनदीवर ठेवायची आणि उचलायची नाही. लावा गावाजवळच्या टेकड्या, अंबाझरी तलाव, मग शहराच्या मधून पूर्वेला. पुढे पिली नदी मिळते, मग कन्हान. ज्या आंभोऱ्याला आपण चैतन्येश्वराच्या दर्शनाला जातो, तिथे कन्हान वैनगंगेला भेटते. मग गोसीखुर्दचं धरण. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत वैनगंगा वर्धेला मिळाली की नाव होतं प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत. तिथून राजमहेंद्री आणि समुद्र. पेन्सिल पूर्व किनाऱ्यावर पोचली तेव्हा खोलीतला गोंधळ एकदम थांबला होता.

कुणी म्हणेल, गोसीखुर्दला सगळं अडतं. पुष्कळसं अडतं, खरं आहे. नागनदीची घाण तिथे साचते म्हणून त्या काठची माणसं किती वर्षं ओरडताहेत. त्यांचं ओरडणं आपण ऐकलेलं नाही, हा वेगळा विषय. पण पावसाळ्यात गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी आपणच वाचतो ना? तेव्हा पाण्यावर तरंगणारं जे असेल ते पुढे जातं.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी भरून वाहिला, नागनदी घरांत शिरली. पाणी उतरल्यावर मी अंबाझरी लेआउटमध्ये एका मैत्रिणीकडे चिखल काढायला गेले होते. तिच्या फाटकाच्या जाळीवर माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत पन्न्या अडकल्या होत्या. दुधाच्या, गुटख्याच्या, किराण्याच्या. एक एक सोडवायला दुपार गेली. जाळीला अडकल्या त्या आम्ही काढल्या. ज्या अडकल्या नाहीत त्यांचं काय झालं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

ते मनात आणलं एका आठ वर्षांच्या मुलीने. गेल्या वर्षी आम्ही समुद्री कासवांवरचा एक छोटा सिनेमा दाखवला. त्यात कासव तरंगती पन्नी जेलीफिश समजून तोंडात घेतं. पडद्यावर दोन-तीन सेकंदांचं दृश्य. दिवे लागल्यावर ही पोरगी माझ्या ओढणीला धरून म्हणाली, "मावशी, ते पन्नी आपल्या इकडची तं नसंल ना?" मी म्हटलं, सांगता येत नाही बाई. आणि म्हणूनच नकाशा काढला होता.

गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या आंध्रच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वर ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे तर ती हजारोंनी येतात. आणि ती तिथलीच असतात असंही नाही. ओडिशात २०२१ मध्ये खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून निघून अख्ख्या भारताला वळसा घालून ती रत्नागिरी जिल्ह्यात आली. तेव्हा 'आपला संबंध नाही' हे वाक्य नागपूरकराने तरी नकाशा बघितल्याशिवाय लिहू नये.

विज्ञान खोटं असतं, हा मुद्दा अर्धा मान्य. मासे बोलत नाहीत, ऑक्टोपस गाडी चालवत नाही. निमोच्या गोष्टीत तर एक मोठीच चूक आहे. क्लाउनफिशच्या गटातली मोठी मादी गेली की तिचा नर जोडीदार स्वतः मादी होतो. म्हणजे आई गेल्यावर खऱ्या समुद्रात निमोच्या बाबाची आई झाली असती. मी हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला चार वेळा सांगायला लावलं, आणि घरी जाऊन आजीआजोबांनाही सांगितलं. गोष्टीतली चूक सांगायला जवळ कुणी असलं की पुरतं. इसापाचा कोल्हाही बोलतो. त्याने कुणाचं प्राणिशास्त्र बिघडलं नाही. मात्र जंगली प्राणी मित्र असतो असं मुलांना वाटू नये, ही भीती मला पटते. ताडोबा-पेंचच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ती वाटायलाच हवी. अंतर राखणं हेही प्रेमच, हे सिनेमानंतर मी दर वेळी बोलते.

मच्छीमारांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. काही सिनेमे जाळं टाकणाऱ्या माणसाला सरसकट दुष्ट दाखवतात, आणि ते मलाही खटकतं. पण त्यावर उपाय गोष्टच बंद करणं नाही, कारण आपल्याच देशात गोष्टीने मच्छीमारांना सोबत घेतल्याचं उदाहरण आहे.

गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो, जगातला सर्वांत मोठा मासा. एकेकाळी तिथे त्याची सर्रास शिकार व्हायची. त्याच्या यकृताचं तेल होड्यांना लावत. पिंपं बांधून पकडायचे म्हणून त्याला 'बॅरल'च म्हणत. पुढे माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण कायदा दिल्लीत होतो आणि मासा वेरावळला पकडला जातो. किनाऱ्यावर मन वळलं ते २००४ पासूनच्या मोहिमेत. रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी सांगितलं, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिचं नाव झालं व्हाली, म्हणजे लाडकी. गावोगाव पथनाट्यं झाली. त्यानंतर त्याच मच्छीमारांनी स्वतःची महागाची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत. जिला बॅरल म्हणत, तिला लेक म्हणायला लागली माणसं. लेक माहेरी येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून सोय आहे. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आणि कोकणातल्या वेळासमध्ये कासवांची घरटी राखणारी माणसं गावातलीच आहेत. रविवारी सिनेमानंतर मी व्हालीची आणि वेळासची गोष्ट सांगणारच आहे, म्हणजे होडीतला माणूस मुलांना फक्त खलनायक म्हणून कळणार नाही.

राहिलं रडणं. हो, रडतात. आपण श्यामच्या आईपाशी रडलो नव्हतो का? ती आठ वर्षांची मुलगीही रडली होती. तिच्या आईने मला तेव्हा फोन केला, जरा रागातच. मग पंधरा दिवसांनी पुन्हा केला. पोरगी घरातल्या दुधाच्या पन्न्या धुऊन दोरीवर वाळत घालते, वाळल्या की गठ्ठा करून भंगारवाल्याला देते, आणि आईने कोपरा कापून वेगळा टाकला की भांडते, कारण तो छोटा तुकडाच पाण्यात जातो असं तिचं म्हणणं. आईने विचारलं, "हे तुम्हीच शिकवलं काय?" मी शिकवलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

सिनेमा ठरल्याप्रमाणे रविवारी चार वाजता आहे. नकाशा या वेळी आधीपासून भिंतीवर असेल. ज्या नऊ घरांनी नावं काढली त्यांच्या मुलांच्या खुर्च्या मी मांडूनच ठेवणार आहे. आईबाबांनीही सोबत बसावं, आणि सिनेमात काही चूक दिसली तर तिथेच हात वर करावा.