गुण वस्तुनिष्ठ असले, तरी पुरेसे नसतात

‘मूल काय शिकले, हे फक्त प्रमाणित चाचणीच (सर्वांना सारखेच प्रश्न, वेळ आणि तपासणी असलेली) निःपक्षपातीपणे सांगते, निरीक्षण, प्रकल्प, कामांचा संग्रह ही केवळ शिक्षकाची वैयक्तिक मते असतात,’ असा दावा पालकांमध्ये मोठ्या प्रमाणावर फिरत असतो. आपल्या मुलावर अन्याय होऊ नये ही त्यामागची काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पहिला आधार वस्तुनिष्ठतेचा. यंत्राने तपासल्यास तपासणी निःपक्षपाती होते हे खरे. पण काय विचारायचे, कोणत्या भाषेत आणि किती वेळात, हे माणसेच ठरवतात. शिवाय गुणांतून चुकीचे कारण कळत नाही. ५२ मधून ३८ वजा करताना एका मुलाने २६ लिहिले, दुसऱ्याने १५, तर दोघांनाही शून्यच मिळते. पहिल्याने बहुधा प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे दशक सुटा करण्याची कल्पनाच त्याला उमगलेली नाही; दुसऱ्याला रीत येत असावी, तो केवळ मोजताना एकाने चुकला असावा. ‘हे कसे केलेस, सांग बरे,’ असे विचारणाऱ्या शिक्षकाला हा फरक मिनिटभरात कळतो, आणि पुढे काय शिकवायचे हे त्या फरकावरच ठरते.

दुसरा आधार शिक्षकाच्या पक्षपाताचा. तो होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु निकष आधी लिहून ठेवणे, तेच काम दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून मतभेदांवर चर्चा करणे आणि नोंदींसोबत मुलाचे प्रत्यक्ष काम तारखेनिशी जपणे, हे त्यावरचे उपाय आहेत. निबंध तपासणाऱ्या मोठ्या परीक्षाही असेच उपाय योजतात. मग तेथे चालणारा मानवी निर्णय वर्गात आला की त्याज्य का ठरावा?

‘चाचण्यांमुळे दर्जा वाढतो’ हेही सरसकट खरे नाही. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून, तितका तो आकडा विकृत होण्याचा धोका अधिक, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात शालेय चाचण्यांचाही उल्लेख करून मांडले होते. उलट शिक्षण-संशोधक पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये घेतलेल्या संशोधन-आढाव्यात असे दिसले, की शिकवता शिकवता मुलांची समज तपासून त्यानुसार अध्यापन बदलले, तर त्यांची संपादणूक लक्षणीय वाढते.

हजारो मुलांच्या गटांची तुलना करायची असेल, तर प्रमाणित चाचणी उपयुक्तच आहे. पण १९०५ मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी सहकारी सिमोन यांच्यासह आपली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना विशेष मदतीची गरज आहे हे ओळखण्यासाठी. आणि बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे, हे मत त्यांनी स्वतःच ठामपणे नाकारले होते.