आयदर ऑर सर्व्हायव्हर

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे हिशेबाची बैठक भरते. विषय एकच: पैसे गेले कुठे? अध्यक्ष नवरा, आरोपी मी.

मी पार्ल्याची, सरकारी नोकरदाराची मुलगी. एक तारखेला पगार होणार, हे आमच्याकडे सूर्य उगवण्याइतकं पक्कं. त्यामुळे पंचवीस तारखेला पर्स रिकामी असली तरी मी रानडे रोडवर निवांत भाव करत फिरते. नवरा लालबागचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत माझे सासरे. नवरा तेव्हा तिसरीत. सासूबाईंच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या त्या गेल्याच. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कोणी जाहीर केलं नाही, आणि नवऱ्याच्या डोक्यात तर तो अजून चालूच आहे. मी नुसतं ‘फ्रिज बदलू या’ म्हटलं, की हा गिरणीचा भोंगा बंद पडल्यासारखा चेहरा करतो.

एवढा खोल मामला आहे हे कळायला मला नोटबंदी यावी लागली. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठचं भाषण. त्या आठवड्यात घरोघरी बायकांच्या तांदळाच्या डब्यांतून ५००च्या नोटा निघाल्या. आमच्याकडे मात्र भाषण संपायच्या आत नवरा स्टूल लावून माळ्यावर. गणपतीच्या मखरामागून, जुन्या चष्म्याच्या घरातून आणि (हे मला फार लागलं) माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीतून नोटा निघत राहिल्या. शालू मी कधी उलगडत नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं!

“हे काय रे?”

“असू दे गं. उद्या पगार थांबला तर?”

कडाडून भांडायची तयारी केली होती मी. त्या पाटल्या आठवल्या आणि सगळं मुसळ केरात.

मग शहाण्या माणसांसारखं जॉइंट खातं उघडलं. फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर खूण करायची होती, म्हणजे दोघांतल्या कोणीही पैसे काढावेत, आणि एक गेला तर उरलेल्याने. नवऱ्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. प्रेमाने नाही. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेते का, अशा नजरेने.

बैठकीत आजवर एकच ठराव एकमताने पास झालाय. दरमहा दोघांनी ठरावीक रक्कम घ्यायची आणि ती कशावर उडवली हे दुसऱ्याने विचारायचं नाही. माझी वीस तारखेच्या आत संपते. त्याची कुठे जाते, मी विचारत नाही. शालू तेवढा अधूनमधून झटकून बघते.

खरी कसोटी लागली ती घर घेताना. २०२१पासून राज्यात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. १ कोटीच्या घरामागे १ लाख वाचतात (मुंबईत १ कोटीत केवढंसं घर येतं, ते सोडा). सोबत नवऱ्याचं नाव घातलं, की सवलत गेली. लालबागचा माणूस रात्रभर कूस बदलत होता. एका पारड्यात लाख रुपये, दुसऱ्यात मी.

पहाटे त्याने मला हलवून उठवलं. “खरं सांग, बाहेर तर नाही ना काढणार मला?”

“फ्रिज कधी घ्यायचा, ते बोल आधी.”