आधी पर्जन्यमापक, मग हवामानबदल

लहान मुलांना पर्यावरण शिकवायचे म्हटले की आपण लगेच वितळणारा बर्फ, रडणारी पृथ्वी आणि ‘झाडे लावा’च्या घोषणांकडे वळतो. परिणामी ढगाचा रंग पाहून पावसाचा अंदाज बांधणे ज्या मुलाला अजून जमत नाही, त्याला पृथ्वी संकटात असल्याचे मात्र तोंडपाठ असते. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरळ भिंतींची, सपाट बुडाची एक बरणी झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावी आणि पाऊस थांबल्यावर आतल्या पाण्याची उंची मुलालाच पट्टीने मोजून वहीत लिहू द्यावी. रुंद बरणी ठेवली तर जास्त पाऊस दिसेल का, असे एखादे मूल हमखास विचारते. तेव्हा उत्तर सांगण्याची घाई न करता दोन वेगवेगळ्या रुंदीच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवायला सांगावे. दोन्हींत उंची जवळपास सारखीच भरते आणि पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात हे न समजावताच समजते. पुढे १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हा हिशेब मोठी मुले स्वतः मांडतात. तापमापी सावलीत का टांगायची, हेही असेच एकदा उन्हात आणि एकदा सावलीत ठेवून पाहण्याजोगे आहे.

अशी वही काही महिने भरली की सरासरी या कल्पनेला अर्थ येतो. एखाद्या प्रदेशाचे हवामान ठरवताना साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदी विचारात घेतात. म्हणजे ते बहुतेक शिक्षकांच्या नोकरीइतके लांब प्रकरण आहे आणि पहिलीतल्या मुलाला ते एका तासात उमगावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

सोपे करण्याच्या नादात चुकीचे शिकवणे हा दुसरा दोष. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रामुळे पृथ्वी तापते, असे आजही सर्रास सांगितले जाते. वास्तविक तो थर अतिनील किरण अडवतो आणि त्याला विरळ करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने नियंत्रण आणले. तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून वाढलेला कार्बन डायऑक्साइड हे आहे. बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते, या सरसकट विधानाचेही तसेच. पेल्यातल्या पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी वाढत नाही, पण पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर ठेवलेला बर्फ वितळला की वाढते. हा प्रयोग केलेल्या मुलाला समुद्रावरचा बर्फ आणि जमिनीवरच्या हिमनद्या यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

‘पंखा बंद कर, नाहीतर पृथ्वी जळेल’ असे सांगून मुलाच्या मनावर अपराधाचे ओझे टाकणे तर मला अन्यायाचे वाटते. वीज वाचवण्याची सवय जरूर लावावी, पण वीज कशी तयार होते हे सांगून.

दहा-अकराव्या वर्षी मूल आलेख वाचू लागले की हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर १९५८ पासून होत असलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवाव्यात. औद्योगिक युगापूर्वी दर दहा लाख भागांत सुमारे २८० असलेले प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे, हे त्या वयात लपवण्याचे कारण नाही. ती रेघ दरवर्षी थोडी खाली येऊन पुन्हा वर का चढते, हा प्रश्न वही भरलेले मूलच आधी विचारील, आणि पृथ्वीच्या उत्तर गोलार्धातल्या वनस्पतींच्या वाढीचा ऋतू तिथूनच शिकवायला घेता येईल.